परातीतली बंदूक

विमल,

तुझी परात कपाटावर आहे. वर तुझाच निळा टॉवेल झाकलेला. गेले कितीतरी दिवस माणसं येऊन पडवीत बसत होती आणि बोलता बोलता प्रत्येकाची नजर एकदा तरी तिकडे जात होती. बावड्याच्या तुझ्या मावशींना वाटलं, आत काहीतरी खायचं राहिलं असेल, मुंग्या लागतील. त्यांनी स्टुलावर चढून टॉवेलाचं टोक उचललं. आत स्क्रू, स्प्रिंगा, काळ्या रबरी रिंगा आणि तेलानं चमकणारी एक लोखंडी पट्टी. मावशी तशाच स्टुलावर थांबल्या.

"जावईबापू, काय म्हनायचं ह्येला?"

"विमलची बंदूक," मी म्हणालो.

त्यांनी टॉवेल खाली सोडला, हात जोडले आणि सावकाश उतरल्या. त्या काय समजल्या मला माहीत नाही. मीही उलगडून सांगितलं नाही. तू असतीस तर हसत हसत परात खाली काढून एकेक तुकडा त्यांच्या हातात दिला असतास.

तुझं वय, माहेर, मागे कोण कोण आहे, हे सगळं वर्तमानपत्रातल्या छोट्या चौकटीत येऊन गेलं. फोटोही आला, तुझ्या भाचीच्या, पल्लवीच्या लग्नातला, मान जरा ताठ करून काढलेला. तू खिळे मारायचीस हे मात्र त्यात आलं नाही. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये, हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीनं फळ्यांना खिळे मारून तू पॅलेट बनवायचीस, कारखान्यातला माल ज्यावर रचून ट्रकमध्ये चढवतात ते लाकडी पाट. हे त्या चौकटीत कसं बसवायचं ते मला सुचलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे. सावकाश लिहितो आहे. माझा वेग तुला ठाऊक आहे.

सकाळी आपण अंथुर्ण्याच्या फाट्यापर्यंत बरोबर यायचो. तिथे तू तुझी स्कूटी बारामतीकडे वळवायचीस आणि मी इंदापूरकडे. मी मास्तर नाही, ग्रंथपाल आहे, हे तुला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आलो. तू म्हणायचीस, "पुस्तकातच आसताय न्हवं दिवसभर? मग मास्तर." ते नाव शेडमधल्या सगळ्यांनी उचललं. एक शालन तेवढी मला दादा म्हणते, कारण ती आपल्या शेजारची आणि तू तिची वैनी.

तुझा फोन वाचनालयात यायचा तो नेमका शांत वेळेला. फोनचा आवाज मी कमी ठेवायचो, पण तुझा आवाज कमी करायची सोय त्यात नव्हती. स्पर्धा परीक्षेची मुलं माना खाली घालून वाचत बसलेली आणि माझ्या हातातून सगळ्या खोलीभर तू: "अवो, बंदूक चालंना झालीय! येताना रबरं घिऊन या!" सगळ्या माना एकदम वर. मी पुस्तकांच्या कपाटाआड जाऊन कुजबुजत विचारायचो, कुठली? थोरली का धाकटी? त्यावर त्या मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी तुला घरी येऊन सांगायचो, आणि तू जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसायचीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच मोठ्यानं बोलायचीस.

खरं तर मला ते फोन आवडायचे. हे मी तुला कधी म्हणालो नाही. उलट दर वेळी कपाळाला आठ्या घालून दाखवल्या.

थोरली आणि धाकटी, तुझ्या दोन बंदुका. थोरली अंगानं जड, लांब खिळ्यांची. धाकटी हलकी आणि लाडकी, दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी काढून बसणारी. तिच्याबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका तू पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे टाकलीस. तिच्यात बंदुकीचं एक मोठं चित्र आहे, प्रत्येक तुकडा वेगळा सुटा काढून हवेत तरंगत ठेवल्यासारखा आणि प्रत्येकाशेजारी नंबर. मी बसून तुकड्यांना मराठी नावं दिली. 'चालक पाते', 'शीर्ष आवरण', 'आघातशोषक'. तुला वाचून दाखवली तेव्हा तू फळी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिलीस.

"आघात काय?"

"आघातशोषक. दट्ट्या खाली येऊन ज्यावर आदळतो ते रबर."

"ती गादी हाय, मास्तर. गादी म्हना की."

आणि मग तूच सगळ्यांची बारशी केलीस. खिळ्याला हाणते ती पट्टी म्हणजे जीभ. वरचं झाकण म्हणजे टोपडं. बोटानं दाबायचा तो घोडा, आणि घोड्यामागे हवा सोडणारी-धरणारी बारकी दांडी ती खुंटी. माझी नावं त्या पुस्तिकेतच राहिली. मीसुद्धा आता गादी आणि खुंटीच म्हणतो.

दुरुस्तीची आपली एक रीत पडून गेली होती. आधी तू बंदुकीला जोडलेली हवेची नळी ओढून काढायचीस आणि नळीचं तोंड स्वतःच्या खांद्यावर टाकायचीस, उपरण्यासारखं. बंदूक उघडी असेपर्यंत नळी तिथंच. कुणी चुकून जोडू नये म्हणून. "हवा माझ्या खांद्यावर हाय, आता हिच्यात जीव न्हाय," असं म्हणून मगच तू स्क्रूला हात लावायचीस. काढलेला प्रत्येक तुकडा परातीत, कडेकडेनं, घड्याळाचा काटा फिरतो तसा एकापुढे एक. जोडताना उलट्या दिशेनं यायचं. मी पालथ्या खोक्यावर बसून पुस्तिकेतले नंबर वाचायचो. बावीस. "झालं." एकवीस. "झालं." वीस. "थांबा, वीस सरकंना... झालं." मला वाचनाचं वेड आहे असं लोक म्हणतात. पण इतकं मन लावून ऐकणारं माणूस मला दुसरं मिळालं नाही.

परात स्वयंपाकघरातली होती, तुझ्या आईनं दिलेली. तू ती बंदुकीसाठी उचललीस तेव्हा मी विचारलं होतं, "आता कणीक कशात मळायची?"

"तुमच्या एखाद्या जाड पुस्तकात मळा," तू म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मीच नवी परात आणली.

विमल, खोबरेल तेलाची गोष्ट लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तुला ती माझ्या तोंडून ऐकायला आवडायची नाही, म्हणून तूच ती सगळ्यांना सांगत फिरायचीस, तुझ्या पद्धतीनं.

बंदुकीला रोज सकाळी नळीच्या तोंडातून तेलाचे चार थेंब लागतात. त्याचं तेल वेगळं मिळतं. एकदा नवरात्राच्या सुमाराला ते संपलं, दुकानात आलेलं नव्हतं, आणि तू पिशवीतली खोबरेल तेलाची बाटली काढलीस. "क्येसाला चालतंय, कडी-कोयंड्याला चालतंय, हिलाच काय सोनं लागलंय?" बंदूक छान चालली. इतकी छान की तू दुकानातलं तेल आणायचंच सोडून दिलंस. शेडमध्ये पाइनच्या ताज्या फळ्यांचा वास आणि त्यात खोबरेल तेलाचा. मी एकदा दुपारी आलो तर वाटलं, सुताराच्या घरी कुणाचं तरी न्हाणं चाललंय.

मग उसाचा हंगाम सुरू झाला, रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागली, आणि धाकटी रुसली. सकाळी घोडा दाबला की नुसतीच सुस्कारा टाकायची. खिळा अर्धा आत, अर्धा बाहेर. जीभ खाली गेली की वर यायलाच तयार नाही. दुपारी बघावं तर ठणठणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तू कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडून पाहिलंस. हवेच्या दाबाचा काटा बरोबर होता. खिळे बदललेस, जीभ पुसलीस, गादी नवी घातलीस. मी पुस्तिकेतलं बिघाडांचं पान वाचून वाचून पाठ केलं. 'सकाळी चालत नाही, दुपारी चालते' असा बिघाड त्यात नव्हता.

"तुमच्यावर ग्येलीया," तू म्हणालीस. "सकाळी उठायचं जिवावर येतंय."

शेवटी तू उपाय शोधलास. धाकटीला जुन्या मफलरीत गुंडाळून शेडच्या दारात उन्हाला ठेवायची. तासाभरानं उचलली की कामाला तयार. उपाय लागू पडला, त्यामुळे कारण शोधायची तुला गरज राहिली नाही. शालन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "आमची बंदूक बगा, कवळं ऊन खातीया."

मला मात्र चैन पडेना. आणि मग एका सकाळी मी आंघोळीला बसलो, डोक्याला तेल लावावं म्हणून बाटली तळहातावर उपडी केली, तर काहीच येईना. बाटली डोळ्यांपुढे धरली. तेल गोठून पांढरं झालेलं. मी नेहमीसारखी ती गरम पाण्याच्या बादलीत उभी केली आणि तिच्याकडे बघत बसलो. कडेनं तेल सुटायला लागलं, मधला पांढरा गड्डा हलला, आणि मी ओल्या अंगानं, टॉवेल सावरत, तुला हाका मारत बाहेर आलो.

तू भाकरी थापत होतीस. मी बाटली तुझ्यापुढे धरली. तू बाटलीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, तव्यावरची भाकरी उलटलीस.

"आदी कपडं घाला," तू म्हणालीस.

एवढंच. 'तुमचं बरोबर आहे' हे वाक्य तू मला आयुष्यात कधी म्हणाली नाहीस. त्या दिवशी म्हणशील असं वाटलं होतं. पण संध्याकाळी मी शेडवर आलो तेव्हा दुकानातल्या तेलाची नवी बाटली होती, धाकटीच्या पोटातून पुसून काढलेल्या तेलकट चिंध्या होत्या, आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघून पदराआड हसत होत्या. तू त्यांना सांगितलं होतंस, "मास्तरनी अंगुळ करता करता बंदूक दुरुस्त केली." पुढे किती वर्षं ते पुरलं. काही बिघडलं आणि कारण सापडेना की तू म्हणायचीस, "अवो, पानी तापवू का?"

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबलो. पुढचं लिहायचं म्हणजे शेवटच्या शनिवारावर येणं आलं.

शनिवारी दुपारी तुझा फोन आला. धाकटीतून हवा गळत होती. घोडा न दाबता, नुसती नळी जोडली की सूऽऽ. "ऐका," म्हणालीस आणि फोन बंदुकीला लावलास. मी कपाटाआड उभा राहून, एका कानावर हात ठेवून, तो आवाज ऐकला.

"वरून येतोय ना?" मी विचारलं.

"व्हय, टोपड्यातनं."

"मग टोपड्याखालचं पॅकिंग गेलं असणार. पुस्तिकेत तसंच आहे."

"वरनं हवा येतीया म्हनून रोग वरच आसतोय व्हय? खुंटीचं रिंग ग्येलंय. खुंटी नीट बसंना, म्हनून वरचं दार उघडं ऱ्हातंय."

"पण आवाज—"

"मास्तर, आपल्या पाटाला पानी आलं न्हाय म्हनून तुमी आपलाच पाट उकरत बसता का? आदी वर जाऊन बगायचं, दारं कुनी फिरवलंय त्ये."

संध्याकाळी तू धाकटीला पिशवीत घालून परातीसकट घरी आणलंस, रविवारी निवांत उघडायची म्हणून. बरोबर दुकानातून आणलेली एक कागदाची पुडी. जेवताना भांडण पुन्हा निघालं. मी म्हणालो, दोन्ही बदल. तू म्हणालीस, दोन्ही बदलून चालली तर कळणार कसं कोण बरोबर ते? ते मला पटलं. मी म्हणालो, मग आधी पॅकिंग बदल. तू म्हणालीस, आधी खुंटी. मी म्हणालो, तुझा हट्ट. तू म्हणालीस, माझं हत्यार. आपण दोघंही मजेत होतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. आपल्यातलं शेवटचं भांडण मजेचं होतं.

रविवारी सकाळी तू पडवीत परात घेऊन बसलीस. मी आत चहा टाकला. बाहेर एलन चावीनं स्क्रू सैल केल्याचा आणि ते परातीत पडण्याचा आवाज येत होता. मी कप घेऊन आलो तर तू उठून उभी होतीस, एक हात खांबाला.

"जरा पडते," म्हणालीस. आणि आत जाता जाता मागे वळून, "परातीला हात लावू नका."

हेच शेवटचं. त्यानंतर तू काही बोलली नाहीस.

घर माणसांनी भरलं तेव्हा शालननं परात उचलून कपाटावर ठेवली. दोन्ही हातांनी, पाण्यानं भरलेली घागर उचलावी तशी, एकही तुकडा हलू न देता. वर टॉवेल घातला. तिनं ऐकलं नव्हतं तू काय म्हणालीस ते, पण तिला माहीत होतं.

तेरावं झाल्यावर तिनं शेड उघडली. शेड आता तीच बघणार आहे, हे तुला आवडेल. बंदुकीचा विषय तिनं काही दिवस काढला नाही. मग परवा संध्याकाळी आली, पडवीत बसली. तिच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय वं दादा. हातोडीनं मारतोय न्हवं."

थोरली एकटी पुरत नाही. बारके खिळे सगळे हातानं मारताहेत, शालन आणि बाकीच्या दोघी. तिनं एकदा कपाटाकडे बघितलं आणि नजर खाली घेतली.

"बारामतीचा एक जन हाय दुरुस्तीवाला. त्यो म्हनला, हाय तशी आनून द्या, पिशवीत घालून. मी म्हनलं, पिशवीत घालून न्हाय जमायचं."

"विमल म्हणाली होती, परातीला हात लावू नका," मी म्हणालो.

शालननं बँडेजचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाली, "त्ये तुमाला व्हतं दादा. वैनी तुमाला रोजच म्हनायची. तुमी लावला की स्प्रिंग उडती."

मला हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा आलं आणि आल्याबरोबर डोळ्यांत पाणी. शालन दुसरीकडे बघत बसली.

मी तिला हे सांगू शकलो नाही, तुला सांगतो. ती परात तुझ्या हातानं मांडलेली शेवटची गोष्ट आहे. तुझी साडी धुऊन घडी झाली, तुझ्या चपला कुणीतरी उचलल्या, अंथरूण काढलं. परात तेवढी जशीच्या तशी आहे. कुठला तुकडा तू आधी काढलास, कुठला नंतर, सगळं तिच्यात दिसतं. तू अजून काम करते आहेस आणि मधेच जरा पडायला गेली आहेस, असं ती परात बघून वाटतं. बंदूक जोडायची म्हणजे ते मोडायचं. आणि नाही जोडायची म्हणजे शालनचं मनगट.

तू काय म्हणाली असतीस ते मला न विचारता ऐकू आलं. "हत्यार हाय त्ये मास्तर, फोटू न्हाय."

काल आम्ही परात शेडवर नेली. शालन स्कूटीवर मागे बसली, मांडीवर परात, वर टॉवेल. मी इतकी हळू चालवली की एक ट्रॅक्टरवाला आम्हाला ओलांडताना वळून बघत गेला. तुझ्या त्याच फळीवर परात ठेवली. मी नळीचं तोंड उचलून खांद्यावर टाकलं. ते वजन मी कधी घेतलं नव्हतं. थंड असतं ते पितळ, मानेला लागतं. तू कधी सांगितलं नाहीस.

पुस्तिका मी शालनच्या हातात दिली.

"मला कुटं इंग्रजी येतंय?"

"आकडे येतात ना? खालून वर वाचत ये."

ती पालथ्या खोक्यावर बसली, माझ्या जागी. बोट ठेवून वाचू लागली. आणि मी तुझ्या मांडणीवर उलट्या दिशेनं सुरुवात केली. सगळ्यात शेवटी तू खुंटी काढली होतीस, म्हणून सगळ्यात आधी ती. तिच्याशेजारीच, पुडीच्या कागदावर, नवी रिंग होती. जुनी काढून बाजूला ठेवलेली, एका ठिकाणी चपटी झालेली. मी नवीला तेलाचा थेंब लावला, दुकानातल्या तेलाचा, आणि खुंटीवर चढवली. त्याआधी ती दोनदा उडाली. शालन दोन्ही वेळा खोक्यामागून शोधून घेऊन आली आणि स्प्रिंगची आठवण करून दिली नाही, ही तिची कृपा.

"झालं," मी म्हणालो.

असं करत करत आम्ही टोपड्यापर्यंत आलो. शालननं पॅकिंगचा आकडा वाचला. परातीत त्या जागी पॅकिंग होतं. पातळ, गोल, कडेला चिरलेलं. मी मनात म्हणालो, बघ, चिरलंय, मी म्हणतच होतो, आणि हे तू बदललंच नाहीस. हट्ट. तेच उचललं आणि टोपड्यात बसवायला गेलो.

बसेना. जागा भरलेली होती.

मी टोपडं उजेडाकडे वळवलं. आत नवं पॅकिंग होतं. काळं, कोरं, नीट दाबून बसवलेलं. कडेला तेल लावलेलं, तुझ्या बोटाचा ठसा उठेल इतकं ताजं दिसत होतं. म्हणजे तू रविवारी सकाळी बसल्या बसल्या आधी माझं पॅकिंग बदललं होतंस. मी आत चहा करत असताना. आणि मग खुंटीकडे वळलीस. पुडीत तू दोन्ही वस्तू आणल्या होत्या. शनिवारीच. माझ्याशी भांडायच्या आधी. आणि जाता जाता मला म्हणालीस,

"परातीला हात लावू नका."

शालन म्हणाली, "काय झालं दादा?"

मी टोपडं तिच्यापुढे धरलं. तिनं ते बघितलं, जुनं पॅकिंग बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"आता गं बया. वैनीनं तुमचं ऐकलंतं की!"

मला तिथं काय वाटलं ते शब्दांत आणायचा मी सकाळपासून प्रयत्न करतो आहे. इतकी पुस्तकं वाचूनही ते जमत नाही. एवढंच लिहितो की मी बराच वेळ टोपडं हातात धरून बसलो आणि शालन पुस्तिकेतल्या त्याच आकड्यावर बोट ठेवून थांबली.

मग स्क्रू आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे, तू आवळायचीस तसे. खांद्यावरची नळी काढून जोडली. कान लावला. शालननंही दुसऱ्या बाजूनं लावला. सूऽऽ नव्हतं. काहीच नव्हतं. कॉम्प्रेसर तेवढा लांब धडधडत होता. मी घोडा दाबायला धाकटी शालनकडे दिली, कारण ते मला कधीच जमलं नाही. तिनं फळीला टेकवून एक खिळा मारला. डोकं फळीत बुडेपर्यंत सरळ गेला. तिनं डाव्या हातानं मनगटावरचं बँडेज चाचपलं आणि दुसरा मारला. तिसरा मारला. बाकीच्या दोघी हातोड्या खाली ठेवून येऊन उभ्या राहिल्या.

"पर दादा," शालन म्हणाली, "मग चुकलं कुनाचं? रिंगचं का पॅकिंगचं? दोनी नवं घातलं."

"कळायचं नाही आता."

"का न कळंल? जुनं पॅकिंग हाय की परातीत. त्येच घालून एकदा हवा सोडा. सूऽऽ झालं तर तुमी जिंकला. न्हाय झालं तर वैनी."

ती बरोबर बोलत होती. अर्ध्या तासाचं काम होतं. चिरलेलं पॅकिंग मी परातीतून उचलून हातावर घेतलं, उजेडात धरलं. चीर लहान आहे, अगदी कडेला. तेवढ्यानं हवा गळेल किंवा गळणारही नाही.

"राहू दे," मी म्हणालो.

"आसं कसं? येवडं भांडलासा."

"म्हणूनच राहू दे."

तिनं माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुन्हा फळीकडे वळली. मी परात काखेत मारून बाहेर आलो. मागे धाकटीचे ठोके चालू होते, एकामागून एक, एकसारखे. वाचनालयात फोनवर तुझ्या आवाजामागे ऐकू यायचे तेच. मी रस्त्याला लागेपर्यंत ऐकत होतो.

परात मी धुतली नाही. पुन्हा कपाटावर ठेवली आहे, वर तुझा टॉवेल. आत जुनं पॅकिंग तेवढं आहे. तुझं म्हणणं अजून खुंटीचं, माझं अजून पॅकिंगचं, आणि जेवण झाल्यावर मी एखाद्या वेळी अजूनही तुला उत्तर देतो. विमल, आता माझं ऐक. परातीला हात लावू नकोस.